राहणार कुठेही: प्रोस्टेटच्या धमनीस खुले पत्र

प्रति,
श्रीमती प्रोस्टेट धमनी,
रा. ओटीपोट, कमरेच्या हाडांच्या आत,
नक्की कुठे ते चौकशीअंती.

बाईसाहेब,

सप्रेम नमस्कार वि. वि. यातला 'सप्रेम' रिवाजाचा आहे, मनावर घेऊ नये.

मी भूमी अभिलेख खात्यातला निवृत्त भूकरमापक. उभी नोकरी मिरज, तासगाव, वाळवा, जत अशी फिरत लोकांच्या शेतांच्या हद्दी कायम करण्यात गेली. रात्रीत बांध कोरणारे पाहिले, मोजणीच्या दिवशी खुणेच्या दगडावर मांडी घालून बसणारे पाहिले, एकाच विहिरीवर सगळ्या भावांनी सांगितलेला हक्क पाहिला. पण त्या प्रत्येकाचा गट नंबर ठरलेला होता आणि चतुःसीमा कागदावर होत्या. आपल्याइतका बेपत्ता आणि तरीही रोजच्या रोज कामावर हजर असा कब्जेदार मला अख्ख्या नोकरीत भेटला नाही. तो निवृत्तीनंतर भेटावा, तोही स्वतःच्याच ओटीपोटात, हा योग म्हणायचा.

आरोप आधीच सांगून टाकतो. पन्नाशी उलटलेल्या पुरुषाच्या प्रोस्टेटला आपण गुपचूप रक्त पोचवता, त्या रसदीवर ती ग्रंथी फुगत जाते, मूत्रमार्ग आवळते, आणि आपला रस्ता बंद करायला कुणी आलं की आपण घरी सापडत नाही. शिवाय शेजाऱ्यांना पुढं करता. चुकून त्यांनाच मार बसावा अशी व्यवस्था करून ठेवता.

आपला बचाव मला ठाऊक आहे. "मी फक्त पुरवठा करते. वाढ करतात ती हार्मोन्स." कबूल. वय आणि पुरुषी हार्मोन यांच्यामुळं प्रोस्टेट वाढतं. टेस्टोस्टेरॉनपासून ग्रंथीतच तयार होणारं एक जास्त कडक रसायन पेशींना वाढीचा हुकूम देतं, आणि फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड या गोळ्या त्याचंच उत्पादन रोखतात. पण हुकूम कुणाचाही असो, माल आपणच पोचवता. पुरवठादाराला आरोपीच करू नये असा कायदा माझ्या वाचनात नाही.

आपल्या कर्तबगारीची फळं बघायची असतील तर आमच्या सांगलीच्या विश्रामबागेत या. सकाळी नेमिनाथनगरच्या बाजूला फिरायला येणारी पांढऱ्या केसांची मंडळी बघा. कोण किती चाललं यापेक्षा वाटेत सोय कुठं आहे याची माहिती त्यांच्यात जास्त देवाणघेवाण होते. संध्याकाळी भावे नाट्यमंदिरात जा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या गावात मराठी नाटक उभं केलं, तिथं साठीच्या पुढच्या रसिकाला आज पहिल्या रांगेची खुर्ची नको असते, कडेची हवी असते. पहिल्या अंकात दोनदा उठणाऱ्याला नाटक कळलं नाही असं समजू नये. त्याला आपण कळलेल्या असता. पुण्याला जायचं म्हटलं की माणूस आधी गाडी कुठं कुठं थांबते ते विचारतो. लग्नाला गेला की मांडवाआधी दुसरीच जागा बघून ठेवतो. घरात रात्री दिवा लागला, चपला वाजल्या, पाणी पडलं, दिवा विझला, की बायको कूस बदलते. थोड्या वेळानं परत तेच. आणि एका रात्री सगळंच तुंबतं. मग रिक्षा, कॅज्युअल्टी, नळी, आणि पायजम्याला अडकवलेली पिशवी. ही पिशवी घेऊन मी शंभर फुटी रस्त्यानं चालत गेलो आहे, बाईसाहेब. धोतर नेसायची पद्धत गेली याचं दुःख मला त्या दिवशी झालं.

आता आपल्या पत्त्याचं बघू.

मूळ वाट सरळ आहे. पोटातली महाधमनी बेंबीच्या जवळपास दोन फाट्यांत वाटली जाते, एक डावीकडं, एक उजवीकडं. प्रत्येक फाटा पुढं पुन्हा फुटतो. बाहेरचा मांडीत उतरतो, आतला कमरेच्या हाडांच्या वाडग्यात शिरतो. त्या आतल्याचं नाव इंटर्नल इलिअॅक. इथवर माणसं बरीचशी सारखी. इथून पुढं म्हणजे वडील वारल्यानंतरची वाटणी. इंटर्नल इलिअॅकच्या पुढच्या भागातून एक फांदी मूत्राशयाला जाते, एक मांडीच्या आतल्या बाजूला (तिला ऑब्ट्युरेटर म्हणतात), एक लिंग आणि आसपासच्या भागाला (इंटर्नल पुडेंडल), एक गुदाशयाला, एक नितंबाला. आणि आपण? पुस्तकातलं चित्र सांगतं की मूत्राशयाच्या खालच्या धमनीतून सुटसुटीत निघून आपण थेट प्रोस्टेटला पोचता. चित्र सुबक आहे. लाल रंगही छान दिलेला आहे.

पण लिस्बनच्या डॉक्टरांनी २०१२ साली ७५ पुरुषांच्या ओटीपोटाच्या दोन्ही बाजू, म्हणजे एकूण १५०, सीटी आणि अँजिओग्राफीवर तपासून प्रसिद्ध केल्या. मला ही आकडेवारी वाचताना जुन्या नोकरीची आठवण आली, कारण तो चक्क पाहणी अहवाल आहे. त्या १५० बाजूंमध्ये आपण २१४ निघालात. म्हणजे ५७ टक्के बाजूंना आपण एकट्या आणि ४३ टक्के बाजूंना दोघी, आणि दोघी असताना दोघींची सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणी. सर्वांत जास्त वेळा, ३४ टक्क्यांच्या आसपास, आपण निघालात त्या पुडेंडलमधून, जिचं खरं काम लिंगाला रक्त देणं. २० टक्के वेळा मूत्राशयाच्या वरच्या धमनीशी एकच खोड. उरलेल्या वेळा नितंबाकडं जाणाऱ्या खोडातून, ऑब्ट्युरेटरमधून, गुदाशयाच्या धमनीशी भागीदारी करून. आणि ५७ टक्के बाजूंना शेजारच्या धमन्यांशी आपला आतून संबंध, पडद्याआडची वाट, चोरदरवाजा.

ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या मंडळींनी २०१५ साली १४३ रुग्णांवरून आपले पाच प्रकारच ठरवून दिले. पुडेंडलमधून निघणाऱ्या सुमारे ३१ टक्के, मूत्राशयाच्या वरच्या धमनीबरोबरच्या २९, ऑब्ट्युरेटरमधल्या १९, मूळ फांदीतूनच स्वतंत्र निघणाऱ्या १५. पाचवा प्रकार म्हणजे 'इतर'. आमच्या सात-बारावर 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. ज्याला मुख्य रकान्यात बसवता येत नाही ते सगळं तिथं कोंबतात. आपण तो रकानाही भरलात. या इतरांमध्ये अशाही आहेत की ज्यांचं मूळ आतल्या धमनीत नाहीच, बाहेरच्या, मांडीकडं जाणाऱ्या धमनीच्या फाट्यावर आहे. मिरजेच्या शेताचं पाणी तासगावच्या पाटातून!

एवढ्यावरही आपलं समाधान नाही. एकाच माणसाच्या डाव्या बाजूला आपण एका ठिकाणी राहता आणि उजव्या बाजूला दुसऱ्या. डावी बाजू मोजून उजवीचा अंदाज बांधायचा नाही, हे आम्हाला खात्यात पहिल्याच वर्षी शिकवतात. आपण ते शरीरात लागू केलंत, अभिनंदन.

यात आपल्या एकटीचा दोष नाही, हेही लिहून ठेवतो. सहआरोपी पुष्कळ आहेत. सुश्रुतानं प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, संथ वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायला आणि मग वाळा, केस, वेळू यांच्या कुंचल्यानं हळूहळू घासत आतलं बघायला सांगितलं. त्यानं बेंबीपासून निघणाऱ्या चोवीस धमन्या मोजल्या: दहा वर, दहा खाली, चार तिरप्या. मूत्र वाहून नेण्याचं काम त्यानं खालच्या दहांकडं दिलं. गुद आणि बस्ती यांच्यामध्ये दगडासारखी गाठ होऊन लघवी तुंबण्याच्या विकाराला वाताष्ठीला हे नावही त्यानं दिलं. म्हणजे फिर्याद दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच दाखल झाली होती. आरोपी तेवढा अज्ञात राहिला. सात रात्री पाण्यात भिजलेल्या देहात आपल्यासारखी मिलिमीटर-दीड मिलिमीटरची बाई शिल्लक तरी काय राहणार?

जपानच्या बुन्तारो अदाची यांनी १९२८ साली धमन्यांवरचा मोठा ग्रंथ छापला आणि इंटर्नल इलिअॅकच्या मोठ्या फांद्या किती तऱ्हांनी फुटतात त्याची वर्गवारी केली. फांद्या मोठ्या, तरी पाच प्रकार झाले. मग त्या फांद्यांच्या उपफांदीनं शिस्तीत राहावं ही अपेक्षा पुस्तकवाल्यांनी कशाच्या जोरावर ठेवली? १९३७ मध्ये अमेरिकेत फ्लॉक्स यांनी आणि १९५५ मध्ये क्लेग यांनी प्रोस्टेटच्या आतली आपली मांडणी उलगडली. माहिती होती. पण ती पुस्तकाच्या त्या सुबक चित्रात शिरली नाही, आणि याला एक सरळ कारण आहे, ते मला एका तरुण रेडिओलॉजिस्टनं सांगितलं तेव्हा पटलं.

तो म्हणाला, "काका, सर्जन खालून येतो. मी वरून येतो."

दुर्बिणीनं प्रोस्टेट खरवडणारा सर्जन मूत्रमार्गातून आत शिरतो. आपण त्याला भेटता त्या थेट दारात. घड्याळाच्या तबकडीवर पाच आणि सात वाजता काटे असतात त्या जागी, मूत्राशयाच्या मानेजवळ, आपण ग्रंथीत शिरता. तिथं रक्त आलं की तो जाळतो आणि पुढं जातो. आपण तिथवर पुडेंडलच्या वाटेनं आलात की ऑब्ट्युरेटरच्या, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. शेतात पाणी शिरायचं मोघं बुजवणाऱ्याला कालवा कुठून निघाला हे कशाला माहीत असायला हवं? पण रेडिओलॉजिस्ट मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून तार घालतो, महाधमनीतून खाली उतरतो आणि प्रत्येक फाट्यावर थांबून विचारतो, इथून का? त्याला संपूर्ण वाट हवी. म्हणून ज्या बाईकडं वैद्यकानं शंभर वर्षं दुर्लक्ष केलं, तिच्या प्रत्येक वळणाची मोजणी गेल्या पंधरा-वीस वर्षांत अचानक तातडीची झाली.

ही तातडी सुरू झाली तीही अपघातानं. २००० साली अमेरिकेत डीमेरिट आणि सहकाऱ्यांनी एका वृद्धाची हकिगत छापली. प्रोस्टेटमधून रक्त जात होतं ते थांबावं म्हणून त्याच्या प्रोस्टेटच्या धमन्यांत बारीक कण सोडून त्या बंद केल्या. रक्त थांबलं, आणि काही महिन्यांनी पाहतात तो प्रोस्टेटही आकसलेलं. साओ पाउलोच्या कार्नेव्हाले यांनी लघवी तुंबून नळी लागलेल्या दोन रुग्णांवर हाच उपाय मुद्दाम केला आणि २०१० मध्ये तो प्रसिद्ध केला. लिस्बनच्या पिस्को यांनी २०११ मध्ये पंधरा रुग्ण मांडले. (लिस्बनचा हा हक्कच म्हणायचा. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या धमन्यांचं चित्र १९२७ मध्ये तिथल्याच एगास मोनिझ यांनी प्रथम घेतलं, आणि महाधमनीचं चित्र १९२९ मध्ये तिथल्याच रेनाल्दो दोस सांतोस यांनी. तेव्हा आपल्या शेजारच्या गोव्याचा कारभारही तिथूनच चालायचा. कारभारापेक्षा त्यांची अँजिओग्राफी बरी निघाली.)

त्या पंधरांपैकी चौदा जणांत काम जमलं. एका रुग्णाच्या मूत्राशयाच्या भिंतीचा दीड चौरस सेंटिमीटरएवढा तुकडा रक्ताविना मेला आणि ऑपरेशन करून काढावा लागला. बाईसाहेब, हा गुन्हा आपल्या नावावर आहे. कण प्रोस्टेटसाठी निघाले होते. आपण वाटेत मूत्राशयाशी आतून संधान बांधून ठेवलं होतं. कण अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. त्यांना पाटी वाचता येत नाही. रक्त जिकडं ओढेल तिकडं ते जातात, आणि जिथं जातात तिथलं बंद करतात. मूत्राशय, गुदाशय, लिंग हे सगळे आपले शेजारी, आणि सगळ्यांशी आपला दाराआडून व्यवहार.

म्हणून आता आधी चित्र, मग तार. ही चित्रं कशी काढतात ते आपल्याला माहीत असावं, म्हणजे पुढच्या वेळी लपताना विचार करता येईल.

पहिलं सीटी अँजिओ. हाताच्या शिरेतून आयोडिनचं औषध वेगानं सोडतात आणि ते धमन्यांत भरलेलं असेल नेमक्या त्या क्षणी ओटीपोटाचे बारीक थर टिपतात. त्याआधी मूत्रपिंडाचा क्रिएटिनिन बघतात, कारण ते औषध तिथूनच बाहेर जातं. काही ठिकाणी जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात. छातीत दुखलं की हृदयाच्या माणसाला देतात त्याच जातीचं. त्यानं धमन्या थोड्या सैल पडतात आणि आपल्यासारखी बारीक बाई जराशी तरी फुगून दिसते. मग संगणकावर ते थर एकावर एक रचून आपली वाट हव्या त्या दिशेनं फिरवून बघता येते. माझ्या वेळी तेहतीस फुटी साखळी ओढत शेत मोजायचो. त्या रेडिओलॉजिस्ट पोराला खुर्चीत बसून उंदीर हलवताना पाहिलं आणि थोडा मत्सर वाटला, खरं सांगतो.

दुसरी मोजणी प्रत्यक्ष जागेवर, कॅथलॅबमध्ये. इथं यंत्र सरळ ठेवून चालत नाही, कारण समोरून बघितलं की सगळ्या फांद्या एकमेकींवर पडतात आणि कोण कुठून फुटलं ते कळत नाही. ज्या बाजूची धमनी बघायची त्याच बाजूला यंत्र पस्तीसेक अंश तिरकं करतात आणि थोडं पायाकडं झुकवतात. मग फांद्या सुट्या होतात. मूत्राशयात नळीचा फुगा असतोच, त्यात पाण्याबरोबर थोडं रंगाचं औषध भरतात. पडद्यावर तो गोळा ठळक उठतो आणि त्याच्या बुडाशी प्रोस्टेट असणार हे पक्कं होतं. आमच्या भाषेत तो खुणेचा दगड. मी ज्या नळीला शिव्या दिल्या तिचा हा उपयोग ऐकून मला तिच्याविषयी पहिल्यांदा आदर वाटला.

आणि शेवटी, तार आपल्या तोंडाशी पोचली, सापडल्यासारखं वाटलं, तरी कण लगेच सोडत नाहीत. यंत्र माणसाभोवती फिरवून तिथल्या तिथं सीटीसारखं चित्र घेतात. या धमनीतून सोडलेला रंग नेमका कुणाच्या मांसात झिरपतोय ते त्यात दिसतं. प्रोस्टेट उजळलं तर ठीक. गुदाशयाची कडा उजळली तर थांबायचं. कित्येकदा जिला आपण समजून धरलेलं असतं ती दुसरीच कुणी निघते. पंचनामा असा असतो, बाईसाहेब.

माझ्या हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, आणि भूल देऊन टीयूआरपी, म्हणजे ती दुर्बिणीची खरवड, करणं जोखमीचं असं सांगायला सर्जन स्वतःच पुढं आले. त्यांनीच हा दुसरा मार्ग सुचवला. यात नुसती सुईची जागा बधिर करतात. पण चित्राचा विषय निघाला तेव्हा एका ठिकाणी मला उत्तर मिळालं, "कशाला खर्च? सगळ्यांचं सारखंच असतं, टेबलावर बघून घेऊ." ते ठिकाण कुठलं ते मी सांगणार नाही. पण 'सगळ्यांचं सारखंच असतं' हे वाक्य मी नोकरीत तलाठ्याच्या तोंडून ऐकलं होतं आणि त्याचा दावा मिरजेच्या कोर्टात अजून चालू आहे. मी उठलो आणि दुसरीकडं सीटी करून घेतला.

चित्र समोर आहे. डावीकडं आपण पुडेंडलमधून निघता, आणि वाटेतच आपली एक फांदी सरळ लिंगाकडं उतरते. उजवीकडं आपण दोघी: एक मूत्राशयाच्या वरच्या धमनीशी खोड वाटून घेतलेली, दुसरी किरकोळ, ऑब्ट्युरेटरमधून लाजत निघालेली. पोरगा पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "काका, डावीकडं ही वाट आधी कॉइल घालून बंद करावी लागंल. नायतर माल भलतीकडं जाईल." मी विचारलं, आणि टेबलावर बघून घेतलं असतं तर? तो म्हणाला, "बघितलंच असतं ओ. पर तास दोन तास तिथंच जास्त गेले असते, रंग जास्त गेला असता, एक्स-रे जास्त बसला असता. आणि उजवीकडची ही बारकी नजरेतनं सुटली असती, तर निम्मं काम राहिलं असतं." त्या किरकोळ बाईला मी चष्मा पुसून पाहिलं. एक मिलिमीटरसुद्धा नसेल. पण पोचली होती बरोबर मधल्या भागात, जिथं वाढ झालेली आहे, तिथंच.

आता आपली बाजूही नोंदवतो, म्हणजे पत्र एकतर्फी झालं असं कुणी म्हणायला नको. आपल्याला बंद केलं की सगळे बरे होतात असं नाही. स्वित्झर्लंडमध्ये १०३ रुग्णांची टीयूआरपीशी तुलना झाली. २०१८ मध्ये त्याचे पहिले निकाल आले. त्रास बराच कमी झाला, गुंतागुंत टीयूआरपीपेक्षा कमी झाली, पण लघवीची धार टीयूआरपीनंच जास्त सुधारली. दोन वर्षांनी पाहिलं तर आपल्याला बंद केलेल्या पाचातल्या जवळपास एकाला पुन्हा टीयूआरपी करावी लागली होती. ब्रिटनच्या आरोग्यव्यवस्थेनं २०१८ मध्ये या उपायाला मान्यता दिली, तीही योग्य निवड आणि तयारी असलेल्या ठिकाणी करा असं बजावून. ज्यांच्या धमन्यांत चुना बसलेला आहे, ज्यांच्या धमन्या म्हातारपणानं नागमोडी झाल्या आहेत, त्यांच्यात तार पोचतच नाही. बऱ्याच जणांचं गोळ्यांवर भागतं, त्यांनी या भानगडीत पडूच नये. शिवाय कर्करोग आहे का ते आधी बघायला हवं. त्याचा गोंधळ आपल्या हिशेबात घालता येणार नाही. मी हे सगळं मान्य करतो. पण हा उपाय कमी पडतो त्याच्या कारणांत एक मोठं कारण आपण सापडत नाही हे आहे, आणि ते आपण मान्य करा.

मिरजेला १८९४ पासून वॉन्लेस साहेबांचा दवाखाना आहे, १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, सांगली आणि विश्रामबागेत तर सोनोग्राफी सेंटर शोधायला फार चालावं लागत नाही. कर्नाटकातून, सोलापुराकडून माणसं रेल्वेनं इथं उपचाराला येतात. देहदानाचे फॉर्म भरणारे माझे दोन मित्र आहेत, आणि मीही भरला आहे. इथल्या कॉलेजांच्या शरीररचनाशास्त्राच्या मास्तरांना माझं एवढंच सांगणं आहे: माझ्या देहावर पोरं शिकतील तेव्हा आधी दोन्ही बाजू उघडू द्या, मग पुस्तक उघडा. आणि फळ्यावर ते सुबक चित्र काढायचं झालं तर त्याच्या शेजारी उरलेली चारही काढा. पहिल्या वर्षाच्या पोराला एकच वाट दाखवली की पंचवीस वर्षांनी तो कुणाच्या तरी टेबलाशी उभा राहून म्हणतो, सगळ्यांचं सारखंच असतं.

बाईसाहेब, आपल्याला रीतसर नोटीस देतो. हद्द कायम मोजणीची तारीख पुढच्या महिन्यात, पुण्यात पडलेली आहे. डावीकडची वहिवाट आधी बंद होईल, मग आपण. उजवीकडच्या दोघींपैकी धाकटीनं नाव नोंदवलेलं नाही म्हणून ती सुटेल असं समजू नये. तिचा फेरफार झालेला आहे. हजर राहिला नाहीत तर मोजणी एकतर्फी होईल आणि तिच्याविरुद्ध अपील नाही.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक,
विश्रामबाग, सांगली

ता. क. हे पत्र वाचणाऱ्या पिशवीधारक मित्रांसाठी: धमनी बंद करायचं ठरलंच, तर सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा की ती माझ्या डाव्या बाजूला कुठून निघते आणि उजव्या बाजूला कुठून. पडद्यावर बोट ठेवून दाखवता आलं, तर सही करा.